प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी औषधे आणि सर्जिकल साहित्याची मागणी : कोणी, कशी, कोणत्या कागदांसह

नव्याने रुजू झालेल्या औषध निर्माण अधिकाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की मागणी पाठवायची कुणाकडे? महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, म्हणून त्याची मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत, त्याची वाट वेगळी. उपकेंद्राने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागायचे.

मागणी ई-औषधी प्रणालीवर (औषधांच्या मागणी व साठ्याची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) संस्थेच्या लॉगिनमधून भरायची, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मान्यतेने. भरायला बसताना साठा नोंदवही, बॅच आणि मुदतीसह आजची शिल्लक, मागच्या महिन्यांचा खप, ओपीडी व प्रसूतींचे आकडे आणि उपकेंद्रांच्या मागण्या समोर हव्यात. कपाटातला साठा हाताने मोजा. संगणकावर शिल्लक जास्त दिसत असेल तर मागणीला कात्री लागते, म्हणून आधी तो मेळ घाला.

सगळ्यात जास्त घोळ खपाच्या हिशोबात होतो. समजा, महिन्यात पॅरासिटामॉलच्या 6,000 गोळ्या गेल्या, पण शेवटचे 10 दिवस गोळी शिल्लकच नव्हती. मग महिन्याचा खप 6,000 धरू नका. 20 दिवसांत 6,000 म्हणजे दिवसाला 300, महिन्याला 9,000. औषध नसलेल्या दिवसांची नोंद ठेवली नाही, तर यंदाचा तुटवडा पुढच्या मागणीतही जसाच्या तसा उतरतो.

सर्जिकल साहित्यात माप लिहायला विसरू नका. नुसते ‘आयव्ही कॅन्युला 200’ (कॅन्युला म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायची बारीक नळी) लिहिलेले मागणीपत्र मी पाहिले आहे. आल्या त्या सगळ्या गुलाबी, 20 गेजच्या, मोठ्या माणसांच्या. जुलाबाने सुकलेल्या तान्ह्या बाळाला लागते ती पिवळी, 24 गेजची. ती एकही नव्हती. ग्लोव्हजचेही तसेच, 6.5, 7 की 7.5 ते लिहा.

जिल्ह्याच्या औषध भांडारात औषध नसेल तर तसे लेखी घ्या. ते पत्र, रुग्ण कल्याण समितीची मान्यता, दरपत्रके, बिल आणि साठा नोंद एवढे कागद स्थानिक खरेदीच्या फाइलला लावा. खर्चाची मर्यादा चालू शासन निर्णयात पाहा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. रुग्णाच्या हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी देणे हा उपाय नव्हे, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

ज्याची मुदत आधी संपते ते आधी वाटा. तीन-चार महिन्यांची मुदत उरली आणि इथे खपणार नाही असे दिसले, की शेजारच्या केंद्राला नोंदीसह द्या. मुदतबाह्य झालेच तर वेगळे ठेवून निर्लेखनाचा, म्हणजे साठ्यातून रीतसर वजा करण्याचा, प्रस्ताव पाठवा. जैववैद्यकीय कचरा नियम 2016 प्रमाणे ते पिवळ्या पिशवीत जाते. मागच्या अंगणात पुरायचे किंवा जाळायचे नाही.

सर्पदंशावरच्या प्रतिविषाची मागणी मात्र पावसाळ्याच्या आधीच गेली पाहिजे. पहिल्याच मात्रेला 8 ते 10 कुप्या लागतात, तेव्हा फ्रिजमध्ये 5 कुप्या असणे म्हणजे साठा नसल्यासारखेच. आणि त्या फ्रिजची किल्ली रात्री कुणाकडे असते, हे रात्रपाळीच्या सिस्टरना माहीत असू द्या.