शहाळ्याने न भरणारं पोटॅशियम

रात्री जास्त झाली की सकाळी शहाळं, हा मुंबईचा ठरलेला उतारा. ‘दारूने पोटॅशियम जातं, शहाळ्याने येतं’ असं शास्त्रही हल्ली त्याला जोडतात. एखाद्या रात्रीपुरतं चालेल. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या शरीरात मात्र हा हिशेब जुळत नाही, आणि तो बिघडतो कसा हे मोठं देखणं प्रकरण आहे.

शरीरातलं जवळजवळ 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात लिटरला जेमतेम 3.5 ते 5 मिलिमोल. या आत-बाहेरच्या तफावतीवरच हृदयाचे ठोके चालतात.

रोज पिणाऱ्याचं जेवण तुटतं, उलट्या-जुलाब होतात, पोटॅशियम घटतं. सोबत मॅग्नेशियमही जातं, कारण अल्कोहोलमुळे ते लघवीतून जास्त वाहतं. खरी मेख इथेच आहे. मूत्रपिंडातल्या नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात, पेशींच्या आवरणात ‘रॉम्क’ नावाच्या वाहिन्या असतात. त्यांतून पोटॅशियम लघवीत उतरतं. पेशीतला मॅग्नेशियमचा आयन या वाहिनीत आतल्या बाजूने बुचासारखा बसतो आणि गळती आवरतो. मॅग्नेशियम घटलं की बूच सुटतं. त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी आटलं की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. त्याच्यामुळे नलिकेतून सोडियम शोषलं जातं, पोकळीत ऋण भार उरतो आणि धन भाराचं पोटॅशियम तिकडे ओढलं जातं. अशा रुग्णाला पोटॅशियम कितीही द्या, ते टिकत नाही. जोडीला मॅग्नेशियमही भरावं लागतं.

नशेने पातळी नेहमी घटतेच असंही नाही. हेरॉइन घेऊन कोणी तासन्‌तास एकाच कुशीवर बेशुद्ध पडला, तर दाबाखालचे स्नायू मरतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात सांडतं. मूत्रपिंडंही निकामी झाली असतील तर हृदय बंद पडू शकतं.

लोकलच्या डब्यात ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. पुडीत काय आहे ते विकणाराच जाणे. पण जुना पिणारा एकाएकी थांबला तर त्याला झटके येऊ शकतात. अ‍ॅड्रेनलिन उसळतं, आणि ते रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. अशा वेळी ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावली, तर इन्शुलिन वाढतं आणि तेही पोटॅशियम आतच रेटतं. म्हणून बाटली लावण्याआधी रक्त तपासायला हवं.