२७ फ्लेवर आणि एक बिचारी जीभ

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी आइस्क्रीमचं एक दुकान आहे, फार मोठं नाही, काचेचे दोन फ्रीजर, बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर फ्लेवरचा बोर्ड. गेली आठ वर्षं मी तिथे जातेय आणि आठ वर्षं सीताफळच खातेय. (मे महिन्यात सीताफळ कुठून, असं विचारू नका, सीझनमध्ये गर काढून गोठवून ठेवतात.) या सुट्टीत अकरा वर्षांची भाची आली, तिने बोर्ड मोजला, २७ भरले, आणि म्हणाली, "मावशी, तू बाकीचे २६ खाल्लेच नाहीयेस, मग सीताफळ बेस्ट हे तुला कसं कळलं?"

यावर काय बोलणार. ठरलं, सगळे २७ खायचे, दहापैकी मार्क द्यायचे, वहीत लिहायचे.

पहिल्याच संध्याकाळी हावरटपणा केला. दुकानातल्या काकांना पटवून नऊ छोटे स्कूप घेतले, एकामागून एक खाल्ले. मँगो ९, शहाळं ८, चिकू ८, अंजीर ७, आणि मग घसरगुंडी, आठव्या नंबरच्या व्हॅनिलाला ४ आणि शेवटच्या बटरस्कॉचला ३. घरी येऊन भाचीने वही बघितली आणि म्हणाली की हे मार्क फ्लेवरचे नाहीयेत, हे नंबराचे आहेत, जो आधी आला त्याला जास्त. आणि खरंच की! बिचाऱ्या बटरस्कॉचचा गुन्हा एवढाच की तो शेवटी आला.

याला शास्त्रात नाव आहे, "सेन्सरी-स्पेसिफिक सटायटी", म्हणजे खाल्लेल्या चवीपुरताच आलेला कंटाळा. १९८१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना एक पदार्थ पोटभर खायला दिला आणि मग विचारलं, आता हा किती आवडतो आणि बाकीचे किती. खाल्लेल्याची आवड चांगलीच उतरली होती, न खाल्लेल्यांची जवळपास तेवढीच होती. म्हणजे पोट भरणं वेगळं आणि एका चवीचा कंटाळा येणं वेगळं, दुसरा प्रकार मेंदूत होतो आणि त्या-त्या चवीपुरताच होतो. आपल्या पंगतीत हे लोकांना ऑक्सफर्डच्या आधीपासून कळलेलं दिसतंय, नाहीतर जिलबीच्या पानात मठ्ठा, भजी आणि लोणचं कशाला ठेवलं असतं? मठ्ठ्याचा घोट घेतला की आणखी दोन जिलब्या जातात. आणि "पोट भरलं, पण आइस्क्रीमला जागा आहे" हे आपण म्हणतो ती थाप नसते, तिखट-खारटाचा कंटाळा आलेला असतो, गोडाचा नाही. माझी गोची अशी की माझे नऊच्या नऊ गोड, गार आणि दुधाचे, त्यामुळे कंटाळा सगळ्यांचा एकदमच आला.

त्यात शेजारच्या चवीचीही लुडबुड असते. जिलबी खाऊन चहा प्या, त्याच साखरेचा चहा फिक्का लागतो. तसंच मँगोनंतर व्हॅनिला म्हणजे नुसतं गार दूध वाटतं, पण तेच व्हॅनिला सकाळी उठून (हो, तेही केलं) सगळ्यात आधी खाल्लं तर चांगलं सात मार्कांचं निघालं.

मग आम्ही नियम बदलले. दिवसाला तीनच फ्लेवर, मध्ये कोमट पाणी आणि मूठभर कुरमुरे, आणि रोज वेगळा क्रम. कोमट पाणी का, तर आइस्क्रीममधलं फॅट जिभेवर पातळ थर धरून बसतं आणि थंड पाण्याने ते आणखी घट्ट होतं, तुपाचं भांडं गार पाण्याने धुवून बघा म्हणजे कळेल.

आता थंडीचं. फ्रीजरमधून काढलेलं आइस्क्रीम साधारण उणे १२ ते उणे १४ अंशांवर असतं, आणि एवढ्या गारठ्यात जिभेला गोडी नीट कळत नाही. जिभेवरच्या चवपेशींमध्ये टीआरपीएम५ नावाची एक वाट असते (टीव्हीच्या टीआरपीशी संबंध नाही), गोड लागलं की ती उघडते आणि पेशी मेंदूला निरोप धाडते. ही वाट गरमीत जास्त उघडते, थंडीत कमी, हे २००५ च्या आसपास स्पष्ट झालं. म्हणून आइस्क्रीमवाल्याला साखर जरा जास्तच घालावी लागते. पटत नसेल तर कपात वितळलेलं, खोलीच्या तापमानाला आलेलं आइस्क्रीम चमचाभर प्या, इतकं मिट्ट गोड लागतं की भाचीने तोंडच वाकडं केलं. आम्ही वितळलेल्या राजभोगला २ मार्क दिले, त्याच राजभोगला स्कूपमध्ये ८ होते.

साखर फक्त गोडीसाठी नसते बरं का. साखर विरघळली की पाणी शून्याला गोठत नाही, खाली सरकतं, त्यामुळे उणे १२ लाही आइस्क्रीममधलं सगळं पाणी गोठलेलं नसतं, थोडा घट्ट पाक तसाच द्रव राहतो, आणि म्हणून चमचा आत जातो, नाहीतर दगडच झाला असता. हाच खेळ पॉट आइस्क्रीममध्ये बाहेरून चालतो. लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ घालून हँडल फिरवायचं, मिठाने बर्फ वितळायला लागतो, वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, आणि मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. लहानपणी हँडल फिरवून हात दुखायचे आणि मोठी माणसं सांगायची की मिठाने बर्फ जास्त गार होतो, का होतो ते कोणीच सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी भाचीने नाकाचा प्रयोग काढला, आणि तो मला सगळ्यात आवडला. डोळे मिटायचे, नाक चिमटीत धरायचं, चमचा तोंडात. मँगो, चिकू, सीताफळ, तिन्ही अगदी एकसारखे! गार, गोड, मऊ, बस. सीताफळ थोडं रवाळ लागलं म्हणून ओळखलं, चवीने नाही. मग तोंडात घास असतानाच नाक सोडायचं, आणि एका क्षणात आंबा हजर होतो, कुठूनतरी दिवा लावल्यासारखा.

कारण जिभेकडे शब्दच मोजके आहेत. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे टोमॅटो किंवा मटणाच्या रश्श्यात असते ती चव. आंबा ही चव नाहीये, आंबा हा वास आहे. घास चावताना वासाचे रेणू घशाच्या मागून नाकात चढतात आणि तिथले साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर (वास टिपणारे रेणू) ते वाचतात, पण मेंदू श्रेय देतो जिभेला. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागतं ते यामुळेच, जीभ ठणठणीत असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालंय. त्यात टर्पिन गटातले रेणू भरपूर असतात, आणि फळ पिकलं की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन नावाचे रेणू वाढतात, आढीतला तो गोडसर वास यांचा. व्हॅनिलाचं उलटं, तिथे मुख्य भूमिका एकाच रेणूची, व्हॅनिलिनची, आणि तो १८७४ मध्येच जर्मनीत पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून बनवला गेला. म्हणून व्हॅनिला जगभर स्वस्त झालं, आणि म्हणूनच बहुतेक व्हॅनिलाला व्हॅनिलाची शेंग कधी भेटलेलीच नसते.

हे वासाचे रेणू बरेचसे फॅटमध्ये विरघळतात. आइस्क्रीम तोंडात वितळताना ते हळूहळू सुटतात, त्यामुळे चव रेंगाळते. बर्फाच्या गोळ्यात फॅट नाही, म्हणून कालाखट्टा एकदम भडकतो आणि लगेच संपतो, मग परत सरबत ओतून घ्यावं लागतं. भारतातल्या नियमाप्रमाणे "आइस्क्रीम" म्हणायचं तर दुधाचं फॅट किमान १० टक्के लागतं, वनस्पती तेल वापरलं तर "फ्रोझन डेझर्ट" लिहावं लागतं. डबा उलटा करून वाचा, मजा येते.

आणि हवा. चांगल्या आइस्क्रीममध्येही बरीच हवा असते, घुसळताना मुद्दाम भरतात, नाहीतर ते जिभेवर ठोकळ्यासारखं बसेल. एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आइस्क्रीम होऊ शकतं. म्हणून नियमात वजन पण दिलंय, एका लिटरचं किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे. हवा थंडी अडवते, त्यामुळे फुललेलं आइस्क्रीम तोंडात कमी गार वाटतं. कुल्फीत हवा भरतच नाहीत, दूध आटवायचं आणि साच्यात गोठवायचं, म्हणून ती दाताला झोंबते आणि तासभर चघळत बसता येते.

आमच्या वहीत एक रकाना होता "खरखर". बर्फाचे कण साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असले तर जिभेला कळत नाहीत, मोठे झाले की कचकच लागते. गंमत अशी की एकच काजू-द्राक्ष मंगळवारी मऊ आणि शुक्रवारी खरखरीत. काकांना विचारलं तर म्हणाले, मधे दुपारी लाइट गेली होती. बरोबर, जरा वितळलं, परत गोठलं, बारीक कण विरघळले आणि ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन बसलं. घरच्या फ्रीजमध्ये फॅमिली पॅक रोज बाहेर-आत करून आपण हेच करतो.

पान आणि पेरूला वेगळा वेळ द्यावा लागला, कारण ते नुसत्या चवीशी खेळत नाहीत. पान फ्लेवरमध्ये मेंथॉल (पुदिन्यातलं गार लागणारं द्रव्य) असतं, ते टीआरपीएम८ नावाचा थंडी ओळखणारा रिसेप्टर चेतवतं, त्यामुळे ते शेजारच्या डब्याएवढंच गार असूनही जास्त गार वाटतं. तिखट-मीठ भुरभुरलेल्या पेरूत उलटं, मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरला उठवतं, म्हणजे मेंदूला एकाच वेळी "गार" आणि "भाजलं" असे दोन निरोप. हे उष्णता-थंडीचे रिसेप्टर शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं (स्पर्शाच्या रिसेप्टरसाठी आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत विभागून). पेरूला भाचीने १० दिले. मी ६. मला आइस्क्रीममध्ये तिखट आवडत नाही, त्याला शास्त्रीय कारण नाहीये.

सहाव्या दिवशी ती कपाळ धरून बसली. टाळू एकदम गार झाला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात-पसरतात आणि चेहऱ्याच्या मोठ्या नसेला दुखतं, पण मेंदूला पत्ता चुकतो आणि कपाळ दुखल्यासारखं वाटतं. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये एका शाळकरी मुलीने वडिलांच्या मदतीने यावर प्रयोग केला होता आणि तो २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तिने १४५ मुलांचे दोन गट केले. १०० मिलीलीटर आइस्क्रीम ५ सेकंदांत गिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना हे दुखणं झालं, सावकाश खाणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांना. भाचीला हे सांगितलं तर ती दुखणं विसरून म्हणाली, त्या शाळेत मला घाला.

मग डोळ्यांची पाळी. डोळे बांधून बदाम आणि पिस्ता दिला, दोघीही चुकलो. डोळे उघडे असले की हिरवा रंग बघून मेंदू आधीच "पिस्ता" ठरवून मोकळा होतो. फ्रान्समध्ये बोर्दो इथे २००१ च्या एका प्रयोगात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ती तर शिकलेली माणसं, आम्ही तर कॉलनीतले.

एवढं सगळं करून आठव्यानवव्या दिवसापर्यंत २७ पूर्ण झाले, मार्क सरासरीने लावले. मी म्हटलं, आता आयपीएलसारखी लीग लावू, प्रत्येक फ्लेवरची प्रत्येकाशी मॅच. भाचीने गुणाकार केला, २७ गुणिले २६ भागिले २, म्हणजे ३५१ मॅच, दिवसाला तीन धरल्या तरी ११७ दिवस. तिची शाळा १५ जूनला. शिवाय माझी शुगर.

तेव्हा तिने वही पुढे केली आणि शेवटचं पान दाखवलं. मला न सांगता तिने मलई तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगळ्या नावांनी मला खाऊ घातली होती, डोळे बांधलेल्या फेरीत, काकांना सामील करून. पानानंतर दिली तेव्हा मी ५ दिले होते, कुरमुऱ्यांनंतर ८, आणि ज्या दिवशी जेवायच्या आधी भूक लागलेली होती त्या दिवशी ९, वर शेरा, "हे सीताफळाच्या तोडीचं आहे." माझ्याच अक्षरात.

सीताफळाला सरासरी ७.५ आले, चौथा नंबर. काल गेलो तेव्हा काका स्टुलावर चढून बोर्डावरचं स्ट्रॉबेरी पुसून तिथे जांभूळ लिहीत होते, आणि भाचीने खालूनच ओरडून विचारलं की काका, आज क्रमात हे पहिलं देणार का शेवटचं.