घुबडाचे डोळे पाहून मणक्यात शिरणारा स्क्रू

परवा ठाण्यात तीन हात नाक्याला सिग्नलला थांबलो होतो. समोर होर्डिंग : ‘मणक्याचे ऑपरेशन, तेही बिनटाक्याचे!’ रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “साहेब, आता सगळं लेसरनं करतात म्हणे.”

माझ्या ताईचं असलंच ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. लेसरचा त्यात काही संबंध नव्हता आणि टाके होते. डावीकडे बोटाच्या दोन पेरांएवढा एक व्रण, उजवीकडे नखाएवढे दोन. आत मात्र चार स्क्रू, दोन दांड्या आणि दोन मणक्यांच्या मधोमध एक छोटा पिंजरा. मी डॉक्टर नाही. वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये भोकं आणि आटे पाडण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे ताईचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा बाकीचे ‘बाई गं, केवढाले स्क्रू!’ म्हणत होते, आणि मी विचार करत होतो की भोक दिसत नसताना ते इतकं सरळ पाडलं कसं.

आधी दुखण्याबद्दल थोडं. ताई रोज तलावपाळीला दोन फेऱ्या मारायची. हळूहळू अर्ध्या फेरीतच पाय जड व्हायला लागले, पोटऱ्यांत मुंग्या यायला लागल्या. गंमत म्हणजे जांभळी नाक्याला भाजीच्या हातगाडीवर ओणवं होऊन वांगी निवडताना तिला एकदम बरं वाटायचं. आम्ही गुडघ्यांना दोष देत बसलो. खरा प्रकार असा की कमरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता आणि नसांची नळी आवळली जात होती. पुढे वाकलं की ती नळी जराशी मोकळी होते, म्हणून हातगाडीचा गुण. आपण ज्याला ‘गादी सरकली’ म्हणतो ते वेगळं. तिथे गादी जागची हलत नाही, तिच्यातला मऊ गर फुगून किंवा फुटून बाहेर येतो.

मावशीनं तेवढ्यात पायाळू माणूस शोधून ठेवला होता, कमरेत लाथ मारून घ्यायला. साधी उसण भरली असेल तर ती चार-आठ दिवसांत आपोआपच उतरते आणि श्रेय लाथेला जातं. सरकलेल्या मणक्यावर लाथ म्हणजे ढिल्या खुंटीवर हातोडा. ताईनं नकार दिला, मावशी आठवडाभर फुगून बसली.

आता स्क्रू. मणक्याचा पुढचा भाग डमरूसारखा भरीव, मागे हाडाची कमान, आणि या दोहोंना जोडणारे डावे-उजवे दोन आखूड खांब. डॉक्टर त्यांना पेडिकल म्हणतात. मणक्यातली सगळ्यात भक्कम पकड इथे मिळते. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये रेमोंद रुआ-कामीय यांनी या खांबांतून स्क्रू घालायची पद्धत रुळवली. अडचण जागेची. ताईच्या मणक्यात खांबाची रुंदी बारा-तेरा मिलिमीटर असते, स्क्रू साडेसहाचा. आतल्या बाजूला लगेच नसांची पिशवी, खालून बाहेर पडणारी नस. छातीच्या मधल्या मणक्यांत तर हाच खांब चार-पाच मिलिमीटरवर येतो.

जुन्या पद्धतीत पाठ मधोमध उघडायची, स्नायू हाडावरून खरवडून बाजूला करायचे आणि लोखंडी फाळक्यांनी तासन्‌तास ताणून धरायचे. हाड समोर दिसतं, पण दाबलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्याचा काही भाग कायमचा निकामी होऊ शकतो. पाठीला ताठ ठेवणारे स्नायू हेच. म्हणजे छोट्या छेदाचा खरा फायदा कातडीला नाही, आतल्या मांसाला आहे, आणि होर्डिंगवर नेमकं तेच लिहीत नाहीत. नव्या पद्धतीत केसांचा भांग पाडावा तसे स्नायूंचे धागे न कापता बाजूला सारतात. आधी बारीक नळी, तिच्यावर जरा जाड, तिच्यावर आणखी जाड, आणि शेवटच्या नळीतून काम.

पण स्क्रूसाठी हाड दिसतच नाही. इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा, तेव्हा जरा धीर धरा.

रुग्ण पालथा झोपलेला, भोवती सी-आर्म नावाचं इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचं एक्स-रे यंत्र. समोरून काढलेल्या चित्रात खांब आपल्याला टोकाकडून दिसतो, पाइप डोळ्याला लावल्यावर दिसतो तसा. त्याची कडक भिंत म्हणून एक लंबगोल कडं उमटतं. डावं-उजवं अशी दोन कडी, मधे मागच्या काट्याची सावली : डोळे आणि चोच असलेलं हुबेहूब घुबड. (गाठीनं एखादा खांब खाल्ला तर ते कडं गायब होतं, तेव्हा रेडिओलॉजिस्ट म्हणतात की घुबडानं डोळा मारला.) आधी यंत्र असं फिरवून घ्यायचं की चोच दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधे येईल. टूलरूमच्या भाषेत, जॉब आधी गुण्यात लावायचा. इथे चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

मग एक पोकळ, जाड सुई. १९७० च्या सुमारास खोस्रो जमशिदी या इराणी वंशाच्या डॉक्टरनं ती अस्थिमज्जेचा नमुना घ्यायला बनवली होती. तिचं टोक कड्याच्या बाहेरच्या काठावर टेकवायचं. डाव्या डोळ्यात घड्याळाच्या नऊवर, उजव्यात तीनवर. हातोडीनं हलके ठोके. सुई किंचित आतल्या दिशेनं तिरकी असल्यामुळे खोल जाईल तसं तिचं टोक चित्रात कड्याच्या बाहेरच्या काठावरून आतल्या काठाकडे सरकत जातं. खांबाची लांबी साधारण वीस मिलिमीटर, म्हणून सुईवर कातडीपासून वीस मिलिमीटर वर खूण केलेली असते. खूण कातडीला टेकली की थांबायचं.

आता प्रश्न एकच. टोक कड्याच्या आतल्या काठाला कधी पोचलं? समोरच्या चित्रात खोली कळत नाही. म्हणून यंत्र नव्वद अंशांत फिरवून बाजूनं चित्र घ्यायचं. बाजूनं पाहता टोक डमरूच्या मागच्या भिंतीपलीकडे गेलं असेल आणि समोरून ते अजून कड्याच्या आत असेल, तर सुई खांबातूनच आली, आता कितीही आत वळली तरी नसांची नळी मागे पडली. उलट समोरून आतला काठ ओलांडलेला आणि बाजूनं भिंत अजून यायचीच आहे, तर सुई नसांच्या घरात शिरली, काढा बाहेर. एकेकटी सावली काहीच सांगत नाही, दोन्ही जुळवल्या की हाडाच्या पोटातलं टोक डोळ्यांसमोर उभं राहतं. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्या वर्गात एलेव्हेशन आणि साइड व्ह्यू शिकवतात ते हेच. फक्त इथे खोडरबर नाही.

पुढचं काम मला ओळखीचं. सुईतून बारीक तार सोडायची, सुई काढायची, तारेवरून पोकळ टॅप घालून आटे पाडायचे, मग तारेवरूनच पोकळ स्क्रू. एक धास्ती कायम असते : टॅप फिरताना तार अडकून पुढे ढकलली गेली तर ती मणका भेदून जाते, आणि तिथेच पुढ्यात महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, दोन फाट्यांत विभागलेली असते. म्हणून तारेचं बाहेरचं टोक कुणीतरी सतत धरून असतं.

स्क्रू बसले की प्रत्येकाच्या डोक्यावर उभी चीर असलेली एक लांब नळी कातडीबाहेर डोकावते. दांडी आतून, न दिसता, दोन्ही चिरांमधून ओवायची. अमेरिकेत केव्हिन फोली यांनी २००१ मध्ये यासाठी झोपाळ्यासारखा हात मांडला. दांडी वर्तुळाकार मार्गानंच झुलत येते आणि त्या वर्तुळावर दोन्ही स्क्रूंची डोकी आधीच आणून ठेवलेली असतात. त्याचं नाव सेक्स्टंट, खलाशांच्या कोन मोजायच्या उपकरणावरून. दांडी खरंच ओवली गेली का, हे तपासायची युक्ती तर मी आमच्या कारागिरांना सांगत असतो : बाहेरची नळी बोटांनी फिरवून पाहा. फिरली तर चीर रिकामी आहे, अडली तर दांडी आत आहे. शेवटचा नट ठरलेल्या जोराला पोचला की काही बनावटींत त्याचं वरचं डोकं कट्‌कन तुटून हातात येतं. जास्त आवळायची सोयच नाही.

लांब पल्ल्याला जुनी आणि नवी पद्धत दुखण्याच्या हिशेबात जवळपास सारखीच ठरते. नव्यात रक्त कमी जातं, मुक्काम कमी होतो. उलट एक्स-रे जास्त लागतात आणि त्यांचे विखुरलेले किरण रोज शिशाचा एप्रन घालून उभ्या राहणाऱ्या सर्जनच्या अंगावरही पडत राहतात. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाहीत, तिथे सिमेंटची मदत घ्यावी लागते.

शिवाय टायटॅनियमची ही चौकट म्हणजे स्लॅबखालचं सेंटरिंग. पिंजऱ्यात आणि भोवती भरलेल्या हाडाच्या चुऱ्यातून सहा महिने ते वर्षभरात दोन मणके एकजीव झाले पाहिजेत. ते झालं नाही तर तार वाकवून वाकवून तुटते तशी धातूही एक दिवस थकते. तंबाखूनं हाड जुळायला अडथळा होतो, म्हणून ऑपरेशनआधी मशेरी लावणाऱ्यांना डॉक्टर दम देतात. ताईलाही दिला, आणि तो लागू पडला.

नवव्या महिन्याच्या एक्स-रेत पिंजऱ्याच्या पुढच्या अंगाला धुरकट पांढरा पूल दिसला. ताईनं विचारलं, “मग आता सेंटरिंग कधी काढायचं?” डॉक्टर हसले. त्रास नसेल तर सहसा काढत नाहीत, त्यासाठी पुन्हा स्नायूंतून वाट करावी लागते.