पहिलं चलन भरलं की बाकीची माफ होतात का?

सांगलीत टेम्पोवाल्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं पक्का बसलाय: प्रवेशबंदी माहीत नसताना एकाच रस्त्याची चार चलनं आली, तर पहिलं भरायचं, बाकीची आपोआप रद्द होतात. तसं होत नाही. प्रत्येक फेरी वेगळा गुन्हा धरली जाते. आणि दंड भरला की ते प्रकरण तडजोडीनं मिटलं. त्यावर भांडायला मग जागा उरत नाही.

नुसतं ‘माहीत नव्हतं’ म्हणून भागत नाही. पण फलक होता का, हे जरूर विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११५ सांगतं, बंदी घातली की योग्य ठिकाणी फलक लावलेच पाहिजेत. महिन्याभराच्या आतल्या बंदीला राजपत्रात अधिसूचना लागत नाही, तरी स्थानिक प्रसिद्धी हवीच. आमच्या शेजारच्या दादांना आडवा आलेला फलक कडुलिंबाच्या फांदीमागं पार झाकला होता, नुसता लाल कडेचा तुकडा दिसत होता. मी त्यांना त्याच दिवशी टेम्पोच्या सीटवर बसून, समोरच्या काचेतून फोटो काढायला लावला. फांदी छाटली की पुरावा गेला!

तक्रार महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर करा, प्रत्येक चलनाची वेगळी, पैसे भरण्याआधी. तिथं फेटाळली, तर न्यायालयात म्हणणं मांडता येतं.