झिओलाइटवरील उत्प्रेरकांत धातूचे असमान वितरण

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन व ॲल्युमिनियमचे, सूक्ष्म छिद्रांचे खनिज. त्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियम चढवताना ते सगळीकडे सारखे न बसता ठरावीक स्फटिकांत, किंवा पुडीपासून बनवलेल्या गोळीच्या बाहेरच्या थरातच, साचण्याचा दोष. नाशिककरांना झिओलाइट परके नाही: पांडवलेणी परिसरातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट सापडतात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक मांडलेले आहेत. उत्प्रेरकासाठी बहुधा कृत्रिम झिओलाइटच घेतात.

दोषाचे मूळ अनेकदा पहिल्याच पायरीत असते. १० ग्रॅम झेडएसएम-५ या कृत्रिम झिओलाइटवर ०.५ टक्के प्लॅटिनम हवे, तर टेट्राअमाइन प्लॅटिनम नायट्रेट सुमारे ०.१ ग्रॅम लागते. सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर १५ असेल, तर एवढ्या धातूला आयन-विनिमयाच्या (सांगाड्यातल्या, धन आयन धरून ठेवणाऱ्या) जेमतेम ५ टक्के जागा पुरतात. जागा मुबलक आणि ओढ जबर. द्रावण एकदम ओतले की पहिले भेटलेले स्फटिक सगळे प्लॅटिनम गिळतात, बाकीचे उपाशी. म्हणून पूड भरपूर पाण्यात ढवळत ठेवून विरल द्रावण थेंबथेंब सोडतात आणि अमोनियम नायट्रेटही घालतात. अमोनियम त्याच जागांसाठी भांडतो, त्यामुळे प्लॅटिनम पुढे सरकत राहते. क्लोरोप्लॅटिनिक आम्ल मात्र इथे नडते: त्यातला ऋण आयन झिओलाइटच्या ऋणभारित सांगाड्यात सहज शिरत नाही, गोळी बांधून ठेवणाऱ्या ॲल्युमिनाच्या बंधकावर जाऊन बसतो.

भिजवून सुकवण्याच्या पद्धतीतला घोटाळा जुन्या वाड्याच्या ओल्या भिंतीवर फुटणाऱ्या क्षारासारखा (लोणा). पाणी पृष्ठभागावरून उडते, आतले द्रावण बाहेर ओढले जाते, क्षार कवचात साचतो. सुकताना दाट होणारे सायट्रेट क्षार वापरले की हे बरेच आवरते.

भाजणी कोरड्या ऑक्सिजनच्या झोतात, मिनिटाला अर्धा अंश चढवत, सुमारे ३५० °से.पर्यंत. घाई केली तर धातूला चिकटलेला अमोनियाच त्याचे क्षपण करतो (आयनाचा धातू बनवतो) आणि सुटे झालेले प्लॅटिनम मोठ्या कणांत गोळा होते.

रासायनिक विश्लेषणात यातले काहीच दिसत नाही, आकडा ०.५ च येतो. क्षपणानंतर गोळी मधोमध कापावी: कडेला करडे कडे, आत पांढरा गाभा दिसला की निदान झाले. स्फटिकांतला फरक पाहायला पातळ काप आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

धातू व झिओलाइटवरच्या आम्ल-जागा (प्रोटॉन देणाऱ्या जागा) जवळ असाव्यात, हा उत्प्रेरकतज्ज्ञ वाइझ यांचा १९६२ चा निकष. पण २०१५ मध्ये युट्रेख्ट विद्यापीठाच्या गटाने वाय झिओलाइट व ॲल्युमिना यांच्या मिश्रणावर दाखवले, की मोठ्या हायड्रोकार्बनच्या समघटकीकरणाला (रेणूतल्या अणूंच्या फेरमांडणीला) प्लॅटिनम झिओलाइटच्या आत असण्यापेक्षा शेजारच्या ॲल्युमिनावर असलेले अधिक मानवते.