विलिस्काची केस सुटली? नाही हो!

अमेरिकेतल्या आयोवामधलं विलिस्का हे छोटं गाव, तिथे जून १९१२ मध्ये एका रात्रीत झोपेतच कुऱ्हाडीने आठ खून झाले, त्यातली सहा तर लहान मुलं, वाचतानाच पोटात गोळा येतो. बरेच जण सांगतात की जॉर्ज केली नावाच्या फिरत्या पाद्रीने कबुली दिली, म्हणजे तोच खुनी.

अर्धंच खरं आहे हे. १९१७ला तासन् तास चौकशी करून घेतलेली कबुली त्याने नंतर मागे घेतली, पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही आणि दुसऱ्यात तो चक्क निर्दोष सुटला. कुऱ्हाड त्याच घरातली, आरशांवर कपडे टाकलेले, आणि पोलिसांनी घर नीट ताब्यात घ्यायच्या आधीच गावकरी आत फिरून गेलेले, मग पुरावा राहणार कसा?