हिएन : एका इंजिनाने घडवलेले आणि अडवलेले जपानी लढाऊ विमान

दुसऱ्या महायुद्धातील जपानी लढाऊ विमानांमध्ये मित्सुबिशीचे झीरो आणि नाकाजिमाचे हायाबुसा ही नावे सर्वाधिक परिचित आहेत. दोन्ही विमाने गोल तोंडाची, हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर चालणारी होती. जपानी लष्कराच्या हवाई दलातील कावासाकी कंपनीचे की-६१ ‘हिएन’ मात्र निमुळत्या नाकाचे आणि द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाचे होते, आणि हे वेगळेपण कंपनीच्या आधीच्या दोन दशकांच्या इतिहासातून आले होते.

जर्मन अभियंते रिचर्ड व्होग्ट हे १९२३ पासून सुमारे दहा वर्षे कावासाकीत विमानांचे आराखडे करत होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले ताकेओ दोई हे पुढे हिएनचे मुख्य आरेखक झाले. झीरोचे आरेखक जिरो होरिकोशी आणि दोई हे तोक्यो इम्पीरियल विद्यापीठात एकाच वर्गात होते. कावासाकीची आधीची की-१० सारखी विमानेही द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनावरच उडत होती, त्यामुळे जर्मनीचे डाइमलर-बेंझ डीबी-६०१ हे १२ सिलिंडरचे इंजिन परवान्यावर बनवण्याचे काम लष्कराने याच कंपनीकडे सोपवले, यात नवल नव्हते. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्याच इंजिनाचा परवाना जपानी नौदलानेही आइची कंपनीसाठी स्वतंत्रपणे घेतला, आणि एकाच देशाची दोन दले एकाच इंजिनाच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या दोन ठिकाणी बनवत राहिली. साधनांची टंचाई असलेल्या देशाला ही चैन परवडणारी नव्हती.

लष्कराने १९४० मध्ये या इंजिनावर की-६० हे जड आणि की-६१ हे हलके अशी दोन विमाने मागितली. त्यांपैकी की-६१ चे पहिले उड्डाण डिसेंबर १९४१ मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्याच महिन्यात झाले. १२ मीटर पंखविस्ताराच्या या विमानाने चाचण्यांमध्ये ताशी ५९१ किलोमीटरचा वेग गाठला. ते प्रथम दिसले तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना ते जर्मन मेसरश्मिट किंवा इटालियन विमान वाटले, आणि ‘टोनी’ हे सांकेतिक नावही त्या इटालियन संशयातूनच पडले. मेसरश्मिटची नक्कल हा शिक्का त्यावर आजही मारला जातो, परंतु तो अन्यायकारक आहे. नाते होते ते इंजिनापुरते. मेसरश्मिट-१०९ ची चाके बाहेरच्या बाजूला मिटत आणि त्यांच्यातील अंतर कमी असल्याने ते उतरताना दगा देई, तर दोईंनी चाके एकमेकांपासून दूर ठेवून आतल्या बाजूला मिटवली होती. पंख लांब आणि अरुंद होता, सांगाडा इतका भक्कम होता की वेगाने सूर मारताना वैमानिकाला पंखांची धास्ती नसे, आणि वैमानिकामागे चिलखती पत्रा व गोळी लागल्यास आपोआप बुजणाऱ्या इंधनटाक्या ही त्या काळच्या जपानी विमानांत दुर्मीळ असलेली सोय त्यात होती.

खरी अडचण नाकात होती. हा-४० या नावाने आकाशी येथील कारखान्यात बनणारे हे ११७५ अश्वशक्तीचे इंजिन जर्मन कारखान्यांतील अचूकता गृहीत धरून आखलेले होते. त्याची क्रँकशाफ्ट, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, आणि बेअरिंगे यांना लागणारी घडाई, तसेच निकेलयुक्त पोलाद, युद्धकाळातील जपानला पुरेसे जमत नव्हते. परिणामी बेअरिंगे निकामी होणे आणि तेल गळणे हे नित्याचे झाले. १९४३ मध्ये ६८ व्या आणि ७८ व्या सेंताईची, म्हणजे विमान रेजिमेंटची, हिएन विमाने न्यू गिनीतील वेवाक येथे रवाना झाली, तेव्हा त्यांतील कित्येक समुद्रावरच्या लांबच्या उड्डाणातच गमावली गेली. जी पोचली त्यांना दमट उष्मा, चिखलाच्या धावपट्ट्या आणि सुट्या भागांची वानवा यांनी गाठले. ऑगस्ट १९४३ मधील अमेरिकी हल्ल्यांत वेवाकच्या तळांवर उभी असलेली विमाने मोठ्या संख्येने जमिनीवरच नष्ट झाली. एप्रिल १९४४ मध्ये न्यू गिनीतीलच हॉलंडिया हा तळ पडल्यावर या दोन्ही सेंताई संपल्यातच जमा होत्या.

पुढे फिलिपिन्समध्ये आणि मायदेशाच्या संरक्षणातही हिएन लढले. तोक्योजवळच्या चोफू तळावरील २४४ व्या सेंताईने अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानांशी सामना केला, पण ती विमाने ज्या उंचीवरून येत तेथे हा-४० ची ताकद ओसरत असे. म्हणून काही विमानांच्या तोफा आणि चिलखत काढून त्यांना हलके करण्यात आले आणि ती शत्रूच्या विमानावर थेट धडकवण्यासाठी वापरली गेली.

यावर उपाय म्हणून आणलेले १५०० अश्वशक्तीचे हा-१४० इंजिन आधीच्या इंजिनाहून बेभरवशाचे निघाले. जानेवारी १९४५ मध्ये आकाशीचा कारखाना बॉम्बहल्ल्यात सापडला, आणि कावासाकीच्या आवारात इंजिनाविना उभे असलेले २७५ सांगाडे तसेच राहिले. त्यांच्यावर मित्सुबिशीचे हवेने थंड होणारे हा-११२ इंजिन बसवण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. सुमारे ८४ सेंटिमीटर रुंदीच्या धडावर १२० सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे इंजिन बसवताना हवेचा अडथळा कसा टाळायचा, हे दोईंच्या सहकाऱ्यांनी जर्मनीहून आणलेले फोके-वुल्फ-१९० हे लढाऊ विमान पाहून शिकून घेतले. फेब्रुवारी १९४५ मध्ये उडालेले हे विमान, म्हणजेच की-१००, वेगात थोडे कमी भरले. परंतु रेडिएटर आणि त्याचा सारा पसारा गेल्याने ते हलके झाले, चपळ झाले, आणि मुख्य म्हणजे सकाळी सुरू करायला गेले की सुरू होऊ लागले. ते २७५ सांगाडे वापरून झाल्यावर कावासाकीने आणखी सुमारे १२० की-१०० नव्याने बांधली.